डीसी राक्षसाचा की तक्ता पात्राचा : सेव्हिंग थ्रोच्या दोन पद्धती

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका वठवण्याच्या खेळाची नवी मोहीम कोणत्या नियमावलीवर चालवावी, या विचारात जे डीएम (खेळ चालवणारे सूत्रधार) असतील, त्यांनी क्लास (पात्राचा पेशा), जादू आणि लढाईचा वेग यांविषयी इतरत्र पुष्कळ वाचले असणार. मला येथे एकाच बाबीविषयी लिहायचे आहे : राक्षसाने विष, नजर, भीती किंवा आगीचा श्वास वापरला, तर त्यातून सुटण्यासाठी, म्हणजे सेव्हिंग थ्रो किंवा ‘सेव्ह’ साधण्यासाठी, वीस-बाजूंच्या फाशावर किती पडायला हवे, हे कोणी ठरवायचे? डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत (2014) ते राक्षस ठरवतो. त्याच खेळाच्या 1981 च्या बेसिक-एक्स्पर्ट नियमांत ज्याच्यावर संकट कोसळले आहे, त्या पात्राचा क्लास आणि लेव्हल ठरवते. इंदूरला रामबागेत जमणाऱ्या आमच्या गटात मी दोन्ही पद्धतींनी मोहिमा चालवल्या आहेत. पुढचे मत त्या अनुभवातून आलेले आहे आणि ते तेवढ्याच वजनाने घ्यावे.

पाचव्या आवृत्तीची मांडणी देखणी आहे, यात शंका नाही. आठ, अधिक प्रोफिशियन्सी बोनस (प्रावीण्याचा आकडा), अधिक संबंधित गुणाचा मॉडिफायर (त्या गुणावरून ठरणारी भर किंवा घट), एवढ्यात डीसी, म्हणजे फाशावर गाठायचा आकडा, तयार होतो. घूलच्या पंजाने अंग लुळे पडू नये म्हणून 10 पुरतात आणि मेडूसाच्या नजरेसाठी 14 लागतात, ते का, हे दोन्ही राक्षसांचे आकडे पाहिले की लगेच कळते. स्वतः राक्षस रचणाऱ्याला तर याहून सोयीचे काही नाही. शिवाय या सूत्रातून राक्षसाचा स्वभावही थोडाफार दिसतो. चॅलेंज रेटिंग (राक्षसाच्या ताकदीचा दर्जा) 30 असलेल्या टॅरास्कच्या दहशतीचा डीसी 17 आहे, तर रेटिंग 17 असलेल्या प्रौढ लाल ड्रॅगनचा 19. कारण टॅरास्क कितीही अजस्र असला तरी त्याचा करिझ्मा (व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव) बेताचाच आहे. हा बारकावा मला मनापासून आवडतो. इंदूरच्याच भंवरकुआं भागातल्या शिकवणी-क्लासेसमधली मुले आमच्याकडे काही महिने खेळतात आणि परीक्षा आटोपली की आपापल्या गावी परततात. अशा नवख्यांना ‘फासा टाक, बोनस मिळव, मी आकडा सांगतो’ हे पहिल्याच बैठकीत समजते.

जुन्या तक्त्याचे तसे नाही. त्यात पाच रकाने आहेत : मृत्युकिरण किंवा विष, जादूच्या कांड्या, लकवा किंवा दगड होणे, ड्रॅगनचा श्वास, आणि शेवटी दंड, काठ्या व मंत्र. एखाद्या कांडीने माणूस दगड होत असेल तर कोणता रकाना धरायचा, यावर आमच्याकडे चहा निवून जाईपर्यंत वाद झालेला आहे. पहिल्या लेव्हलच्या चोराला श्वासापासून वाचायला 16 लागतात आणि चिलखतातल्या फायटरला 15, हे चपळ चोर घेऊन खेळणाऱ्याला पटवून देणे अवघडच जाते. त्यातच विष बहुधा प्राणघातक असते. पहिल्या लेव्हलच्या फायटरला 12 किंवा त्याहून अधिक टाकावे लागतात, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा पात्र दगावते. ड्रॅगनचे पिल्लू असो वा जख्ख म्हातारा ड्रॅगन, सेव्हचा आकडा तोच राहतो. फरक पडतो तो नुकसानीत, कारण श्वासाचे नुकसान ड्रॅगनच्या त्या क्षणीच्या हिट पॉइंटइतके (उरलेल्या जीवशक्तीइतके) असते. ज्यांना प्रत्येक राक्षसाचे वेगळेपण आकड्यात उतरलेले हवे, त्यांना हे सपाट वाटेल आणि त्यांना दोष देता येणार नाही.

इतके असूनही माझा कौल ज्या एका गोष्टीने फिरवला, ती पाचव्या आवृत्तीत हळूहळू उघड होते. राक्षसांचे डीसी वर चढत जातात. पात्राचे मात्र सहा गुणांच्या सहा सेव्हपैकी दोनच लेव्हलबरोबर वाढतात आणि उरलेले चार, गुण वाढवले नाहीत तर, पहिल्या दिवशी होते तिथेच राहतात. लाल ड्रॅगनच्याच श्वासाचे पाहा : पिल्लाचा डीसी 13, तरुणाचा 17, प्रौढाचा 21, पुराणपुरुषाचा 24. डेक्स्टेरिटी (चपळाई) 10, म्हणजे मॉडिफायर शून्य, असलेल्या फायटरला पिल्लापासून वाचण्याची शक्यता शंभरात चाळीस असते, तरुणापासून वीस, आणि प्रौढापासून शून्य.

हे शून्य कागदावर वाचणे निराळे आणि टेबलावर सोसणे निराळे. आमच्या गटातले एक ज्येष्ठ खेळाडू, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते मोहिमेच्या आरंभापासून एक बुटका, चिलखती फायटर चालवत होते. तेराव्या लेव्हलला गट प्रौढ लाल ड्रॅगनसमोर उभा राहिला, श्वास आला, काकांनी फासा टाकला आणि वीस पडले. सगळे ओरडले. सेव्हमध्ये वीसला आपोआप यश नसते, म्हणून वीस अधिक शून्य वीसच, 21 नव्हेत, हे मला सांगावे लागले. काकांनी शांतपणे विचारले, “मग फासा टाकायला कशाला लावला, भिया?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. श्वासाचे नुकसान 18 सहा-बाजूंच्या फाशांचे, म्हणजे सरासरी 63. पण मला बोचले ते नुकसान नव्हे, प्रश्न बोचला. त्याच ड्रॅगनच्या दहशतीचा डीसी 19 असल्याने विज्डम (मनोबल) 10 असलेले काकांचे पात्र पुढे लढाई संपेपर्यंत त्याच्याकडे एक पाऊलही टाकू शकले नाही. हाती तलवार असलेल्या माणसाने मग करायचे तरी काय?

जाणकार येथे इन्डॉमिटेबल या फायटरच्या खास क्षमतेची आठवण करून देतील. फायटरला नवव्या लेव्हलपासून फसलेला सेव्ह पुन्हा टाकता येतो, हे खरे. पण 21 हवे असताना दुसरा फासाही वीसच्या पुढे जात नाही. 2024 च्या सुधारित नियमांत त्या दुसऱ्या फाशात फायटरची लेव्हल मिळवता येते. दुखणे कुठे होते, हे नियमकर्त्यांनाही उमगले असावे, असा मी त्याचा अर्थ लावतो. सोबत सहाव्या किंवा त्यावरच्या लेव्हलचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) असेल तर त्याच्या दहा फुटांच्या वलयात बरेच निभावते. आमच्याकडे पॅलाडिन नव्हता.

जुन्या तक्त्यात फायटरचा श्वासाचा रकाना पहिल्या लेव्हलला 15, चौथ्याला 13, सातव्याला 10, दहाव्याला 8 आणि तेराव्याला 5 असा उतरत जातो. मुरलेला योद्धा मुरलेला आहे, हे त्या एका ओळीत दिसते आणि त्यासाठी खेळाडूला कसलीही खास निवड करावी लागत नाही.

मधले मार्गही आहेत. तिसऱ्या आवृत्तीत (2000) डीसी म्हणजे 10, अधिक राक्षसाच्या हिट डाइसची (त्याची जीवशक्ती ठरवणाऱ्या फाशांची) निम्मी संख्या, अधिक मॉडिफायर. तिथे पात्राचा कच्चा सेव्हही वाढतो, पण डीसीच्या मागे पडत जातो. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (2019) प्रत्येक सेव्हमध्ये लेव्हल मिसळते आणि यशापयशाच्या चार पायऱ्या असतात. न्याय्य आहे, मात्र हिशेब सांभाळणारा डीएम हवा.

तेव्हा मोहीम सात-आठ लेव्हलच्या आत संपणार असेल, किंवा गटात दर हंगामाला नवे चेहरे येत असतील, तर पाचवी आवृत्ती निःशंक घ्यावी. तिथवर हे दुखणे फारसे जाणवत नाही. तेच पाच-सहा जण तीच पात्रे घेऊन वर्षानुवर्षे खेळणार असतील, तर जुना तक्ता एकदा चालवून पाहावा, असे मी सुचवीन. विषाने मरणाऐवजी नुकसान द्यावे, एवढा बदल आम्ही त्यात केला आहे. पाचवी आवृत्ती सोडणे जमत नसेल, तर निदान उरलेल्या चार सेव्हमध्ये निम्मा प्रोफिशियन्सी बोनस धरावा. म्हणजे तेराव्या लेव्हलला काकांच्या वीसचे 22 होतात.