सगळ्यांच्या वर्कशॉपमधलं राउटर टेबल, आठ महिने वापरल्यानंतर

राउटर टेबल म्हणजे लाकडाच्या कडा आणि खाचा कापणारं राउटर हे यंत्र खालून उलटं बसवलेलं टेबल. आठवड्यातून दोन-तीनदा तरी वापरतो, आणि वर्कशॉप आम्हा दहा-बारा जणांचं आहे म्हणजे टेबलही सगळ्यांचंच. मशीन म्हणून मी फार खूश आहे, एकदा सेटिंग बसलं की वीस फळ्यांच्या कडा अगदी एकसारख्या निघतात, राउटर हातात धरून मला ते कधीच जमलं नव्हतं.

पण सामायिक टेबलावर आपल्या आधी कोण काय करून गेलंय ते कळत नाही. दुसऱ्याच महिन्यात मी बिट (फिरणारं कापायचं पातं) बदलायला गेलो तर कॉलेटचा, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या पकडीचा, नट नुसत्या हाताने फिरला. कुणीतरी बिट बसवलं, नट हाताने लावला आणि पाना मारायचा राहिला. तसंच चालू केलं असतं तर काय झालं असतं हा विचार अजून येतो. तेव्हापासून आधी प्लग काढायचा (नुसता स्विच बंद नाही), मग नट पान्याने स्वतः घट्ट करून बघायचा, बिटाच्या हाइटचं लॉक, फेन्सचे (फळी जिला टेकवून सरकवायची त्या पट्टीचे) दोन्ही नॉब आणि शेवटी स्पीडचा डायल. डायल तर हमखास कुणीतरी फुलवर ठेवलेला असतो, आणि दोन इंचाच्या वरच्या व्यासाचं मोठं बिट असेल तर १०,००० ते १२,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपासच ठेवायचं, बारीक बिटाला २०,००० च्या वर चालतं. बिट बसवताना पूर्ण आत ढकलून परत दोन-तीन मिलिमीटर वर घ्यायचं, तळाला टेकलेलं असलं तर कॉलेट नीट पकडत नाही.

फळी उजवीकडून डावीकडे सरकवायची हे सगळ्यांना पाठ असतं. माझा घोळ झाला तो खाच रुंद करताना. १२ मिमीच्या बिटाने खाच काढली होती, १५ ची हवी होती, म्हणून दुसऱ्या पासला (फळी दुसऱ्यांदा सरकवताना) फेन्स बिटाच्या जवळ घेतली आणि फळी हातातून सुटून डावीकडे फेकली गेली. बोटं वाचली कारण हातात फळी ढकलायचे पुश ब्लॉक होते. नंतर बसून कागदावर काढून बघितलं तेव्हा डोक्यात शिरलं: वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या उलट फिरतं, फेन्स जवळ आणली की कापणं बिटाच्या मागच्या, म्हणजे फेन्सकडच्या, बाजूने होतं आणि तिथे दात फळीला तिच्याच दिशेने ओढतात. खाच रुंद करायची तर फेन्स बिटापासून लांब न्यायची. फळी बिट आणि फेन्सच्या मधून घालायची नाही तेही याच कारणाने.

बाकी गॉगल, इअरमफ, हातमोजे अजिबात नाहीत, एका पासला तीनेक मिमीच, हे आता अंगवळणी पडलंय. चारही कडा करायच्या असतील तर आडव्या रेषांची टोकं (जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात त्या कडा) आधी करतो, तिथे ढलपा उडालाच तर लांब कडेच्या पासमध्ये निघून जातो.

एक मात्र अजून सुटलं नाहीये, मशीन चालू असताना मागून खांद्यावर हात ठेवून बोलणारे लोक. शेवटी जमिनीवर पिवळी टेप मारली, आता मशीन चालू असेल तर बहुतेक जण टेपच्या बाहेर, मला दिसेल असे उभे राहतात.