पॅगफर्डची रिकामी खुर्ची: पुस्तक वाचायचं का मालिका बघायची?

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, रोलिंगबाईंचं ते पंचायतीवालं पुस्तक वाचू का मालिका बघू? मालिका तीन तासांत उरकतीय म्हणं." पोरगी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करते, डोक्यावर फील्डवर्कचे अहवाल, त्यामुळं प्रश्न रास्तच. तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून मी फोन ठेवला. नंतर मात्र पुस्तक परत काढलं, मालिका परत बघितली. तिच्यासारख्या कात्रीत सापडलेल्यांसाठी हा तिला द्यायचा राहिलेला जबाब.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हॅरी पॉटरचा सातवा भाग 2007 साली आला आणि जादूची शाळा बंद झाली. त्यानंतर पाच वर्षांनी, सप्टेंबर 2012 मध्ये, जे. के. रोलिंग यांनी 'द कॅज्युअल व्हेकन्सी' ही मोठ्यांसाठीची कादंबरी काढली. पाचशे पानांची, आणि जादू औषधालासुद्धा नाही. पॅगफर्ड नावाचं इंग्लंडमधलं काल्पनिक टुमदार गाव. तिथल्या पंचायतीचा एक सदस्य, बॅरी फेअरब्रदर, अचानक मरतो. त्याची जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक लागते. 2015 च्या फेब्रुवारीत बीबीसीनं यावर तीन भागांची मालिका केली. पटकथा सारा फेल्प्स यांची.

भांडण कशाचं, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. पॅगफर्डच्या वेशीवर 'द फील्ड्स' नावाची सरकारी घरांची गरीब वस्ती आहे. ती आमच्या हद्दीत नको, शेजारच्या यारव्हिल शहराच्या गळ्यात घाला, असं पंचायतीतला एक गट म्हणतो. आपल्याकडं 1972 साली महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढीचं गुऱ्हाळ चालू आहे. आपल्याकडं गावं म्हणतात आम्हाला शहरात घेऊ नका, पॅगफर्डचे म्हणतात ह्यांना आमच्यातून काढा. दिशा उलटी, पण नकाशावरच्या रेघेमागं घरफाळा कुणाचा आणि जबाबदारी कुणाची हाच हिशेब असतो. बॅरी स्वतः त्याच वस्तीत जन्मला आणि पॅगफर्डच्या शाळेत शिकून वर आला. ती शाळा इतर पोरांनाही मिळावी एवढंच त्याचं म्हणणं. शाहू महाराजांच्या बोर्डिंगात राहून शिकलेल्या माणसाची नातवंडं ज्या गावात आजही भेटतात, त्या गावाला बॅरीची ओळख करून द्यायची गरज नाही.

आता पुस्तकाचा खरा ऐवज. त्यात एक बेलचॅपेल नावाचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. टेरी वीडन ही हेरॉइनच्या विळख्यातली बाई तिथून मेथाडोन, म्हणजे हेरॉइन सुटावं म्हणून देतात ते बदली औषध, घेते. लघवीच्या तपासणीत पुन्हा हेरॉइन सापडलं तर केंद्रातून नाव कमी, आणि नाव कमी झालं की तिचा तीन वर्षांचा रॉबी सरकारच्या ताब्यात जायची टांगती तलवार. केंद्राची इमारत पंचायतीच्या मालकीची, भाडेकरार संपत आलेला. म्हणजे एका पोराचं भवितव्य एका भाडेकराराला बांधलेलं. त्या घरी येणारी 'के' नावाची समाजसेविका ही तर आजारी सहकारिणीच्या जागी आलेली बदली. तिचा टेरीशी जरा सूर जुळतोय तोवर सहकारिणी कामावर हजर होते आणि फाइल परत तिच्या टेबलावर. कुणी दुष्ट नाही. रजा संपली, एवढंच. पुस्तकाच्या प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला स्थानिक कारभाराच्या एका खऱ्याखुऱ्या नियमपुस्तकातले उतारे आहेत. पहिल्या वाचनात मी ते सोडून दिले होते. ते सोडू नयेत.

हे मला का भिडलं तेही सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका विधवा आजींचं संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मध्येच थांबलं होतं. महिना दीड हजार रुपयांचा प्रश्न. हयातीचा दाखला दिलेला, उत्पन्नाचा दाखला दिलेला, तरी 'त्रुटी' म्हणून कागद परत. तिसऱ्या खेपेला टेबलावरचे साहेब बदललेले, त्यामुळं पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. मी सोबत होतो. त्या खोलीतही कुणी दुष्ट नव्हतं. खुर्ची टाकून आजींना बसायलासुद्धा सांगितलं.

मालिकेत हाच मामला एका वास्तूत गोळा केलाय. स्वीटलव्ह हाउस नावाचं जुनं लोकोपयोगी सभागृह, आणि काहींना तिथं आलिशान हॉटेल आणि स्पा हवाय. पडद्यासाठी हे सोयीचं. वाडा दिसतो, लोभ दिसतो, बाजू घेता येते. पण भाडेकरार, तपासणी, हद्द असं एकात एक अडकलेलं यंत्र सुटं होतं आणि उरतो 'वाडा वाचवा'. असला सिनेमा आपण आधीही पाहिलेला असतो.

पुस्तकातल्या एका प्रसंगावर पैजच लावीन. पंचायतीचा अध्यक्ष हॉवर्ड मॉलिसन, खाद्यपदार्थांच्या दुकानाचा मालक, देह अवाढव्य. व्यसनी लोकांवर जनतेचा पैसा कशाला उधळायचा, हे त्याचं पालुपद. भर बैठकीत त्याचीच डॉक्टर, शीख घरातली परमिंदर जवांदा, उसळते आणि त्याला सुनावते, की वजन कमी करायचं नाही म्हणून तुझ्या हृदयावर आणि औषधांवर सरकारी तिजोरीतून किती गेले ते मोज. म्हणणं खरं. पण रुग्णाची माहिती चव्हाट्यावर आणल्याबद्दल तिचीच नोकरी धोक्यात येते. ह्याच बाईच्या मनात भाई कन्हैया आहेत. गुरू गोविंदसिंगांच्या काळात रणांगणावर शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजणारे ते. पात्र कोण, अपात्र कोण, हे न विचारणारा माणूस. ती गोष्ट तिनं बॅरीला सांगितलेली असते. तिची मुलगी सुखविंदर शाळेत सतत छळली जाते. तिच्या दिसण्याच्या वर्णनावरून 2012 मध्ये शिखांच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं आक्षेपही घेतला होता. माझं मत विचाराल तर ती टवाळी छळणाऱ्या पोराच्या डोक्यातली आहे. पण लेखिकेला माणसांच्या शरीरांची चेष्टा करायची खोड आहे हेही खरं, आणि हॉवर्डच्या बाबतीत ती शेवटी शेवटी कंटाळवाणी होते.

मालिका कुठं सरस? क्रिस्टल वीडन. टेरीची सोळा वर्षांची लेक, तोंडानं फटकळ, रॉबीला आईच्या मायेनं सांभाळणारी. अबिगेल लॉरीनं ती अशी उभी केलीय, की पुस्तक पुन्हा वाचताना मला तिचाच चेहरा दिसत राहिला. शिवाय हॉवर्डच्या भूमिकेत मायकेल गॅम्बन. पॉटरच्या सिनेमांत प्रेमळ हेडमास्तर डम्बलडोर म्हणून ज्यांच्यावर जीव टाकला तेच इथं गरिबांना हद्दीबाहेर ढकलताना बघणं, हा पॉटरवेड्यांसाठी जोर का झटका.

भाषेचाही मुद्दा आहे. फील्ड्समधल्या लोकांचं बोलणं रोलिंग यांनी उच्चाराबरहुकूम लिहिलंय. शाळेत शिकलेल्या इंग्रजीवर ते वाचणं म्हणजे रत्नागिरीच्या माणसाला अचानक गडहिंग्लजच्या बाजारात सोडल्यासारखं. मालिकेत आवाज आणि सबटायटल्स मदतीला येतात. आणि पहिल्या शंभर पानांत माणसांची नुसती जत्रा आहे. मी वहीत वंशावळ काढली तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

शेवट दोन्हीकडं वेगळे आहेत. काय ते फोडत नाही. पुस्तकाचा शेवट फार अंधारा आहे आणि मालिकेनं तो जाणूनबुजून थोडा मऊ केलाय. बलात्कार, स्वतःला इजा करून घेणं, अमली पदार्थ, हे सगळं पुस्तकात थेट येतं. घरात सातवी-आठवीतलं पोर पॉटर संपवून बाईंचं पुढचं पुस्तक मागत असेल तर हे त्याच्या हातात देऊ नका. तसं पाहिलं तर पॉटरमधलं, पोरक्या हॅरीला जिन्याखालच्या कपाटात ठेवणारं डर्स्ली कुटुंब आठवा. पॅगफर्ड म्हणजे सगळं गावच डर्स्लींचं, आणि जिन्याखालच्या पोराला घ्यायला कुणी येत नाही.

तर निवड. रविवारची दुपार मोकळी आहे, चांगला अभिनय बघायचाय, तर मालिका. ती वाईट नाहीच. ज्याला सरकारी मदत माणसापर्यंत पोचता पोचता कुठं सांडते हे बघायचंय, समाजकार्य शिकणारा, अंगणवाडीत, वॉर्ड ऑफिसात, ग्रामपंचायतीत काम करणारा, त्यानं पुस्तकच घ्यावं आणि शंभराव्या पानापर्यंत दम धरावा. दोन्ही करणार असाल तर आधी मालिकेचा फक्त पहिला भाग बघा, चेहरे ओळखीचे होतील, मग पुस्तक उघडा. उरलेले दोन भाग नंतर.

भाचीला हाच शेवटचा मार्ग सांगितला. परवा रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला: "मामा, तो बेलचॅपेलचा भाडेकरार नक्की कधी संपतोय? मला झोप येईना."