ऑल-टेरेन टायर आणि फोर बाय फोर : दापोलीच्या पावसापासून थंडीपर्यंत

गेल्या जूनमध्ये आमच्या पार्ट-टाइम फोर बाय फोरला (एरवी दोन चाकांवर चालणारी, हवं तेव्हाच चारही चाकांना ताकद देणारी गाडी) ऑल-टेरेन, म्हणजे डांबराबरोबर चिखल-दगडातही चालणारे टायर घातले. आंब्याच्या बागेत फवारणीची टाकी चढवणं हे या गाडीचं रोजचं काम. पावसाळ्यात लाल चिखलातही बागेचा चढ फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग कमी, जोर जास्त) सावकाश चढली. डांबरी रस्त्यावर टायरचा आवाज वाढला आणि अ‍ॅव्हरेज उतरलं, हेही खरं.

पण लिहायचंय ते थंडीबद्दल. कोकणात कसली थंडी, असं घाटावरचे पाहुणे म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत दापोलीला पहाटे पारा 12 अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी 30 च्या घरात. मोहोराला ही थंडी हवीच, पण टायरातली हवा तिने बसते. तापमान 10 अंशांनी उतरलं की दाब साधारण 2 पीएसआयने कमी होतो. ऑक्टोबरच्या उन्हात 32 भरलेली हवा पहिल्या फवारणीच्या पहाटे गेजवर 28 दिसली. पंक्चर नव्हतं, वॉल्व्हही गळत नव्हता. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेला दाब थंड टायरचा असतो, त्यामुळे रात्रभर उभ्या गाडीचीच हवा मोजावी. दुपारी तापलेल्या टायरची हवा 'जास्त झाली' म्हणून कधीच सोडू नये.

बागेतून खाली येताना झाडांच्या सावलीत जांभ्यावर शेवाळ असतं, त्यावर पहाटेचं दव. तिथे फोर-लो, पहिला गिअर, पाय ब्रेकवरून काढलेला. इंजिनच गाडी धरून ठेवतं. डांबराला लागलो की लगेच टू-व्हील. कोरड्या रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) ठेवून गाडी वळवली तर स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, कारण पुढची-मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरायला मोकळी नसतात. आणि एक गोष्ट तळमळीने सांगतो: फोर बाय फोरने गाडी निघते, थांबते ती टायरच्या पकडीवर. आंबा घाटातल्या ओल्या वळणावर वेग कमीच हवा.

भाचा हीच गाडी जानेवारीत मनालीला न्यायची म्हणत होता. मी नको म्हटलं. साधारण 7 अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं. बर्फासाठी बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले टायर लागतात, ती आमच्या टायरांवर नाही. खास हिवाळी टायर इथे घालायलाही अर्थ नाही, आपल्या उन्हात ते मऊ रबर लवकर झिजेल.

पुढच्या पावसाआधी स्टेपनीसकट पाचही टायर अदलाबदल करून घेणार आहे. चार चाकांची झीज कमी-जास्त झाली, तर फोर बाय फोरमध्ये त्याचा ताण पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो.