१२० मिमीचा कॉम्प्युटर फॅन, ११० सीएफएम हवा आणि आवाज १८ डेसिबल? घेऊ नका

मी घरूनच ऑडिओबुकचं रेकॉर्डिंग करते. पुण्यातल्या फ्लॅटमधली लहान खोली, माइकपासून हातभर अंतरावर कॉम्प्युटर. म्हणून मुद्दाम १८ लिटरच्या आसपासचं छोटं कॅबिनेट आणि मिनी-आयटीएक्स (लहान आकाराचा) मदरबोर्ड घेतला. अशा कॅबिनेटमध्ये हवा खेळायला जागा कमी, त्यामुळे फॅन चांगले हवेत आणि माझ्या कामासाठी ते शांतही हवेत. ऑनलाइन मागवलेल्या फॅनमध्ये मला कसं फसवलं गेलं ते सविस्तर सांगते, कारण तोच माल, त्याच फोटोंसह, आता दुसऱ्या नावाने विकायला आहे.

दावा असा होता: १२० मिमी, ११० सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा), १८ डेसिबल, १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), ‘हायड्रॉलिक बेअरिंग’, चार पिनांचं पीडब्ल्यूएम नियंत्रण (म्हणजे मदरबोर्डवरून फॅनचा वेग कमी-जास्त करता येणं). तीन फॅनचा सेट. रिव्ह्यू हजारोंनी आणि जवळजवळ सगळे पाच तारे.

फॅन लावले आणि पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये शब्दांच्या मागे एकसारखी घूं ऐकू यायला लागली. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वेग कमी करायला गेले तर तिथे फॅनचा आरपीएमच दिसेना. फॅनच्या वेगाचा कर्व्ह, म्हणजे वेगाची सेटिंग, ३० टक्क्यांवर आणला तरी आवाज तसूभर कमी झाला नाही. प्लगजवळचं काळं आवरण मागे सारलं तेव्हा कारण कळलं: प्लग चार पिनांचा, आत तारा दोनच. बारा व्होल्ट आणि ग्राउंड. वेग कळवणारी तिसरी तार नाही, वेग बदलणारी चौथीही नाही. असा फॅन मदरबोर्डवरच्या, पीडब्ल्यूएमवर ठेवलेल्या हेडरला (फॅन जोडायच्या पिनांना) लावला की तो कायम पूर्ण वेगानेच फिरणार.

मग तो पूर्ण वेग तरी किती, हे रेकॉर्डिंगमधूनच काढलं. पात्यांची संख्या गुणिले दर सेकंदाचे फेरे, एवढ्या हर्ट्झवर फॅनचा मुख्य सूर येतो. या फॅनला नऊ पाती. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे, म्हणून सूर २२५ हर्ट्झवर यायला हवा होता. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) उंच शिखर दिसलं ते ३०० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे फॅन २००० आरपीएमने फिरत होता. नुसत्या वेगाचा हिशोब धरला तरी एवढ्या फरकाने आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, आणि तीन फॅन एकत्र चालले की आणखी जवळपास ५.

स्टिकरवर ०.१२ अँपिअर लिहिलं होतं. त्याचा कोपरा सुटत होता म्हणून ओढला, तर खाली दुसरा स्टिकर, त्यावर ०.२५ अँपिअर. म्हणजे बारा व्होल्टच्या हिशोबाने १.४४ वॅटचा म्हणून विकलेला फॅन मुळात ३ वॅटचा. मला सगळ्यात जास्त राग आला तो इथे. आकडा चुकून छापला गेला नव्हता, खरा आकडा ठरवून झाकला होता.

सीएफएम आणि डेसिबल हे दोन आकडे घरी कुणालाच नीट मोजता येत नाहीत, म्हणून खोटं नेमकं तिथेच बोललं जातं. ते ओळखायला नामांकित फॅनचे आकडे शेजारी ठेवून बघा. ऑस्ट्रियाच्या नोक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ हा महागड्या फॅनपैकी एक. तो २००० आरपीएमला सुमारे ६० सीएफएम हवा देतो आणि कंपनी आवाज २२.६ डेसिबल सांगते. याच कंपनीचा १२० मिमीचाच एक औद्योगिक फॅन खरोखर ११० सीएफएमपर्यंत जातो, पण त्यासाठी त्याला ३००० आरपीएम लागतात आणि आवाज होतो ४३.५ डेसिबल. तेवढीच हवा निम्म्या वेगाने, १८ डेसिबलमध्ये देतो म्हणणारा सरळ खोटं बोलतोय.

शिवाय सीएफएम मोजतात ते समोर काही अडथळा नसताना. छोट्या कॅबिनेटमध्ये समोर जाळी, फिल्टर, लगेच मागे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या). तिथे हवा ढकलायला दाब लागतो, आणि चांगल्या कंपन्या तो मिलिमीटर पाण्याच्या मापात देतात (वरच्या ए१२एक्स२५ चा २.३४). ज्या पानावर सीएफएम ठळक आणि दाबाचा उल्लेखच नाही, तिथे मी आता थांबत नाही.

बेअरिंगचंही तेच. ‘हायड्रॉलिक’ म्हणून विकलेलं साधं स्लीव्ह बेअरिंग (तेल घातलेल्या नळीत दांडा फिरतो ते) निघालं. छोट्या कॅबिनेटमध्ये फॅन बरेचदा तळाला किंवा छताला आडवे बसतात, आणि अशा आडव्या बसवलेल्या फॅनच्या स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल लवकर सरतं, मग टकटक सुरू होते. माझ्या कॅबिनेटच्या छताला लावलेल्या फॅनची टकटक नेमकी रिटर्नची मुदत संपल्यावर सुरू झाली.

रिव्ह्यूंचं कोडंही नंतर उलगडलं. तारखेनुसार मागे मागे जात वाचले तर जुन्या लोकांनी कौतुक केलं होतं ते मोबाइल स्टँडचं. जुन्या वस्तूचं पान तसंच ठेवून त्यावर नवा माल चढवला होता.

आवाजाची तक्रार मी रिटर्नच्या मुदतीतच केली होती. उत्तर आलं, “मॅडम, आवाज प्रत्येकाला वेगवेगळा जाणवतो, फक्त रिप्लेसमेंट मिळेल.” रिप्लेसमेंटमध्येही तेच, दोन तारांचे फॅन. त्यानंतर चॅटवर कुणी धड बोलेना. तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. लिस्टिंगचे स्क्रीनशॉट, दोन तारांचा फोटो आणि दुहेरी स्टिकरचा व्हिडिओ जोडला. ‘आवाज जास्त आहे’ हे सोडून ‘जाहिरातीत सांगितलेलं पीडब्ल्यूएम या वस्तूत नाही’ असं लिहिलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीप्रमाणे गुणधर्म नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करायचं असतं. हा नियम लिहून पाठवल्यावर पैसे परत आले. नसते आले तर जिल्हा ग्राहक आयोगात गेले असते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

तुम्ही फॅन घेतलेत तर मुदत संपायच्या आत बायोसमध्ये आरपीएम दिसतोय का आणि ३० टक्क्यांवर तो उतरतोय का, एवढं बघाच. फॅन ज्या स्थितीत कायम राहणार आहे त्याच स्थितीत, आडवा तर आडवा, एक रात्रभर चालवा. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापलेला नसेल तर सील न फोडता परत करा. माझ्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं.