अझ्रिएली की डेव्हिडसन?

न्यू जर्सीतल्या भाचीला ज्यू शाळेत शिकवायचंय. "मावशी, एमए कुठून करू?" दोन्ही पर्याय न्यूयॉर्कचेच: येशिवा युनिव्हर्सिटीचं अझ्रिएली आणि ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीचं डेव्हिडसन, दोन्ही ज्यू शिक्षक घडवणारी कॉलेजं. माहितीपत्रकं बाजूला ठेवली. दोन्हींत सगळेच चेहरे हसरे.

खरा फरक पंथाचा. येशिवा मॉडर्न ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळून आधुनिक शिक्षणही घेणारी; तिथे रब्बीपद (धर्मगुरूपद) फक्त पुरुषांना. सेमिनरी कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे नावावर जाऊ नका, परंपरा आणि बदल यांच्यातल्या मधल्या वाटेची; तिथे 1985 पासून स्त्रियाही रब्बी होतात. शिक्षिकेच्या पदवीला दोन्हीकडे स्त्रियांना मज्जाव नाही. पण मुख्याध्यापक पदवी बघतात तेव्हा "ही कोणत्या घरातली?" हेही बघतातच. ऑर्थोडॉक्स शाळेत तोरा-तालमूद (ज्यूंचे धर्मग्रंथ) शिकवायचं तर अझ्रिएलीचं नाव उजवं. पंथांच्या सरमिसळीच्या कम्युनिटी शाळेत डेव्हिडसनची दृष्टी जास्त कामी येते.

खर्च? फी दोन्हीकडे अंगावर येणारीच. शिष्यवृत्ती किती आणि त्याबदल्यात किती वर्षं शिकवायचं, हे लेखी घ्यावं. न्यूयॉर्कच्या खासगी शाळेत सरकारी परवाना सक्तीचा नसतो, सरकारी शाळेत लागतो. पुढे तिकडे वळायचं असेल तर त्या पदवीने परवाना मिळतो का, हेही आधीच विचारावं.

हिब्रू कच्चं असेल तर दोन्हीकडे दमछाक. आपल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, मुंबईत 1875 ला शाळा काढली, तेव्हा असा पेच नव्हता!

भाची शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस) काटेकोर पाळते, तालमूदची गोडी आहे. तिला अझ्रिएली. तिच्या मैत्रिणीला लहान मुलांचा वर्ग आणि मोकळी चर्चा हवी, तिने डेव्हिडसनला अर्ज करावा.