गटात लिनक्सच्या डीव्हीडी वाटण्याचे आठ महिने: काय चाललं, काय फसलं

पेनड्राइव्हच्या जमान्यात डीव्हीडी कशाला, हे प्रत्येक जण विचारतो. ज्याच्याकडे गेल्या दहा वर्षांतला लॅपटॉप आणि बरं इंटरनेट आहे त्याने खरंच या भानगडीत पडू नये. व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून मशिन सुरू करून देणारं साधन) टाकलेला एक पेनड्राइव्ह त्याला पुरतो. पण लिनक्स (विंडोजच्या जागी बसवता येणारी मुक्त प्रणाली) वापरणाऱ्यांच्या आमच्यासारख्या गटाकडे येणारी मशिनं वेगळी असतात. शाळेच्या लॅबमधले कोअर टू ड्युओ, कुठल्याशा कार्यालयातला जुना डेस्कटॉप, ज्याच्या बायोसमध्ये (मशिन चालू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) यूएसबीवरून बूट करायचा, म्हणजे मशिन सुरू करायचा, पर्याय नसतो किंवा असून चालत नाही. काही ठिकाणी व्हायरसच्या भीतीने यूएसबी पोर्टच बंद केलेले असतात. शिवाय एकदा लिहून बंद केलेल्या डीव्हीडी-आरवर नंतर कुणी काही चढवू शकत नाही. दहा मशिनांत फिरून आलेल्या पेनड्राइव्हबद्दल अशी खात्री कोण देणार? आणि उसना दिलेला पेनड्राइव्ह परत येत नाही, तो छत्रीच्या जातकुळीतला. कोरी डीव्हीडी दोन-तीन चहांच्या किमतीत येते, ती गेली तरी कुणाला वाईट वाटत नाही.

व्यवस्था साधी ठेवली: एका डेस्कटॉपमध्ये आतला साटा रायटर, जोडीला यूएसबीवर चालणारा स्लिम रायटर, १६एक्स डीव्हीडी-आरचं पन्नासचं स्पिंडल, आणि सगळ्या मूळ आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची इमेज असलेल्या फाइली, एका हार्ड डिस्कवर. वाटपात लिनक्सचे हे प्रकार: डेबियनची पहिली डीव्हीडी, डेबियन १२ची ३२ बिटवाली आवृत्ती, लिनक्स मिंटचं एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपवालं) आणि फारच जुन्या मशिनांसाठी अँटिएक्स.

आधी मापाचं. डीव्हीडीवर ‘४.७ जीबी’ छापलेलं असतं ते हजाराच्या हिशोबाने. डीव्हीडी-आरवर ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात, डीव्हीडी+आरवर ४,७०,०३,७२,९९२. म्हणजे प्लसवर साधारण सात एमबी कमी. कॉम्प्युटरच्या १०२४च्या हिशोबात दोन्ही ४.३८च भरतात, त्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये ४.५ दिसणारी आयएसओ ४.७च्या डिस्कवर का जात नाही म्हणून लोक डोकं खाजवत बसतात. आकडा नेहमी बाइटमध्ये बघावा. उबुंटू २४.०४ डेस्कटॉपची आयएसओ साडेपाच जीबीच्या वर आहे, एकपदरी डिस्कवर ती मावतच नाही. दोन पदरी डिस्का महाग पडतात, शिवाय जुने ड्राइव्ह पदर बदलताना अडखळतात, म्हणून उबुंटू यादीतून काढून टाकलं. मिंट २२ची आयएसओ तीन जीबीच्या आत आहे, डेबियनची पहिली डीव्हीडी चारच्या आत. सीडीचे दिवस मात्र संपले. ७०० एमबीच्या सीडीवर डेबियन १२चं नेटइन्स्ट (बाकीचं नेटवरून आणणारा छोटा इन्स्टॉलर) बसायचं, १३चं बसत नाही. सीडीवर आता अँटिएक्स-कोअरसारखं काही सडपातळ असेल तेवढंच.

लिहायला केथ्रीबी किंवा एक्सएफबर्न, दोन्ही ठीक. विंडोजवर ७ पासून पुढे आयएसओवर उजवी टिचकी मारली की ‘बर्न डिस्क इमेज’ मिळतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे आयएसओ फाइल डेटा म्हणून ओढून टाकणं. डिस्क उघडल्यावर आत एकच भली मोठी फाइल दिसली तर ती डिस्क टाकून द्या, ती बूट होणार नाही. सेशन उघडं ठेवायचं नाही, डिस्क बंद म्हणजे फायनलाइज करायची. बंद न केलेली डिस्क जुन्या डीव्हीडी-रॉमना कोरी वाटते.

वेगाबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय: जितकं हळू तितकं चांगलं. १६एक्ससाठी बनवलेल्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर वेगवान लेसरच्या हिशोबाने बनवलेला असतो. ४एक्सला तीच डिस्क काही ड्राइव्हवर उलट वाईट उतरते. आतल्या रायटरवर ८एक्स हा मध्यम वेग सगळ्यात भरवशाचा निघाला. भरलेल्या डिस्कला आठ-दहा मिनिटं लिहायला आणि जवळपास तितकीच तपासायला. एका संध्याकाळच्या दोन तासांत एका ड्राइव्हवर सहा-सात डिस्का होतात. बैठकीत ऐनवेळी पंधरा जणांना देऊ म्हणणाऱ्याने हा हिशोब आधी करावा.

स्लिम रायटरने सुरुवातीला बराच त्रास दिला आणि दोष त्याचा नव्हताच. यूएसबी २चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरची हमी देतो. डिस्क फिरायला लागताना आणि लिहिताना स्लिम ड्राइव्ह त्याहून जास्त ओढतो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लांब, बारीक तार असते, व्होल्टेज पडतं आणि डिस्क अर्ध्यातच मरते. मागच्या पोर्टला, म्हणजे थेट मदरबोर्डवर लावला की बहुतेक वेळा भागतं. नाहीतर दोन टोकांची वाय केबल किंवा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब. ड्राइव्ह टकटक आवाज करून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर आधी वीज बघा, मग डिस्कला नावं ठेवा.

आता तपासणी. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो घालवायलाच हवा. डाउनलोड झालेल्या आयएसओचा शा-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवणं ही पहिली पायरी, पण नुसता चेकसम पुरत नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमनच्या दुव्यामागे मागचं दार (घुसखोराला आत येऊ देणारी छुपी वाट) ठेवलेली इमेज बसवली गेली. ज्या पानावरून फाइल घेतली त्याच पानावरचा चेकसम अशा वेळी काय कामाचा? चेकसमच्या फाइलवरची जीपीजी सही (प्रकाशकाची डिजिटल सही) तपासायची, आणि सहीची चावी एकदाच नीट मिळवून जपून ठेवायची. एका चुकीच्या फाइलच्या तीस प्रती काढून वाटणं गटाला परवडत नाही.

दुसरी पायरी डिस्क वाचून बघायची. अख्खा ड्राइव्ह डीडी या आज्ञेने वाचून चेकसम काढला तर तो अनेकदा जुळत नाही आणि लोक चांगली डिस्क कचऱ्यात टाकतात. कारण असं की डीव्हीडीवर लिखाण १६ सेक्टरच्या, म्हणजे ३२ केबीच्या गठ्ठ्यांत होतं. शेवटचा गठ्ठा अपुरा असेल तर रायटर तो शून्यांनी भरतो, आणि ती शून्यंही चेकसममध्ये येतात. म्हणून मूळ फाइल जितकी, तितकंच वाचायचं: ब्लॉक २०४८ बाइटचा आणि काउंट म्हणजे फाइलचे बाइट भागिले २०४८. समजा फाइल २,८६,७२,००,००० बाइटची आहे, तर काउंट १४,००,०००. याचा निकाल जुळला पाहिजे, जुळला नाही तर डिस्क खरंच खराब. सीडीवर ट्रॅक-अ‍ॅट-वन्स पद्धतीने लिहिलं तर शेवटच्या सेक्टरांना वाचनाचा एरर येतो, डेटा शाबूत असला तरी. तिथे डिस्क-अ‍ॅट-वन्स निवडावं.

तपासण्याआधी ट्रे बाहेर काढून पुन्हा आत घालायचा, नाहीतर कधीकधी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मेमरीतलीच प्रत परत देतो. आणि ज्या ड्राइव्हवर लिहिली त्यावर तपासून थांबायचं नाही. रायटर स्वतःचं अक्षर वाचतोच. दुसऱ्या, जरा थकलेल्या ड्राइव्हवर वाचली तर ती बाहेर द्यायच्या लायकीची. यासाठी एक जुना डीव्हीडी-रॉम मुद्दाम ठेवला आहे. आमच्यात त्याला परीक्षक म्हणतात. परीक्षकाने नापास केलेल्या बहुतेक डिस्का रायटरच्या मते उत्तम होत्या. प्लस डिस्क वापरत असाल आणि रायटर परवानगी देत असेल तर बुक टाइप, म्हणजे डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद, डीव्हीडी-रॉम करून घ्या, हट्टी ड्राइव्ह त्याने वळतात. मायनसमध्ये ही सोय नाही.

स्पिंडलच्या बाबतीत ब्रँडपेक्षा मीडिया कोड महत्त्वाचा. डब्यावर एक नाव असतं आणि डिस्क बनवणारा कारखाना दुसराच असतो. डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो हा कोड दाखवतं. एका कोडचा माल चांगला चालला तर पुढच्या खेपेला तोच शोधा. नोएडाची मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाल्यापासून दुकानांत मिळणारा माल फार मिसळीचा झाला आहे, नवं स्पिंडल आणलं की आधी दोन डिस्का लिहून परीक्षकाला दाखवायच्या.

लॅबमध्ये गेल्यावर डिस्कपेक्षा तिथला ड्राइव्ह जास्त दगा देतो. वर्षानुवर्षं न उघडलेला ट्रे, लेन्सवर धूळ, सैल झालेला रबरी पट्टा. बूट होऊन मध्येच स्क्वॅशएफएसचे (डिस्कवर दाबून ठेवलेल्या फाइली वाचण्याचे) एरर यायला लागले की लगेच डिस्कला दोष न देता तीच डिस्क शेजारच्या मशिनवर लावायची. म्हणून स्लिम ड्राइव्ह सोबत न्यावा, बायोस त्यावरून बूट करत असेल तर अर्धी झंझट मिटते. नव्या मशिनवर बूट मेन्यूत तीच डीव्हीडी दोनदा दिसते, एकदा नावापुढे यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) लावून, एकदा तसंच. आधीचं विंडोज ज्या पद्धतीने बसलंय तीच निवडायची. उलटं केलं तर इन्स्टॉल नीट होतं, पण ग्रबच्या, म्हणजे मशिन सुरू होताना कोणती प्रणाली हवी ते विचारणाऱ्या मेन्यूच्या, यादीतून विंडोज गायब.

लाइव्ह डीव्हीडी, म्हणजे काही न बसवता थेट डिस्कवरूनच चालणारं लिनक्स, हळू असते यात शंका नाही. मेन्यू उघडायलाही ड्राइव्ह घरघरतो, आणि लिनक्स पहिल्यांदाच बघणाऱ्याचं मत तिथेच वाईट होतं. मिंटच्या बूट ओळीत ‘टोरॅम’ हा शब्द जोडला तर सगळी इमेज मेमरीत चढते. सुरुवातीला काही मिनिटं जातात, मग मशिन झकास चालतं आणि डिस्क काढून पुढच्या मशिनला लावता येते. एका डिस्कवर चार-पाच मशिनं ओळीने चालू होतात. इमेज तीन जीबीच्या जवळ असल्याने मशिनला निदान सहा, खरं तर आठ जीबी रॅम हवी. दोन जीबीवाल्यांसाठी अँटिएक्स आहेच.

जिथे नेट नाही तिथे डेबियनची पहिली डीव्हीडी हे या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ. लोक जास्त वापरतात ती पॅकेजेस तिच्यात आधी भरलेली असतात, त्यामुळे अख्खा डेस्कटॉप ऑफलाइन उभा राहतो. डेबियन १२ पासून अमुक्त फर्मवेअरही (हार्डवेअर चालवणारं, सोर्स खुला नसलेलं सॉफ्टवेअर) अधिकृत इमेजमध्येच आलं आहे. आधी वायफाय कार्डासाठी वेगळी फाइल शोधत फिरावं लागायचं, ते संपलं. मराठीतून इन्स्टॉल करायचं असेल तर ग्राफिकल इन्स्टॉलर निवडा, मजकुरी पडद्यावर देवनागरी येत नाही.

पण नंतर फोन येतोच: ‘काही टाकायला गेलं की डिस्क घाला म्हणतंय.’ डीव्हीडीवरून बसवलं की सोर्सेस डॉट लिस्ट या, पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या, फाइलमध्ये सीडीरॉमची ओळ राहते, आणि इन्स्टॉलच्या वेळी नेट नसेल तर मिररची (डेबियनची पॅकेजेस ठेवलेल्या सर्व्हरची) ओळ नसतेच. मग महिन्यांनी नेट आलं तरी मशिन सुरक्षा अद्यतनं घेत नाही, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. डिस्क देतानाच सांगायचं: सीडीरॉमच्या ओळीपुढे हॅश टाका, मिरर आणि सिक्युरिटीच्या ओळी हाताने लिहा. या दोन ओळी आता पाकिटाच्या मागेच छापतो. उलट, दुसरी डीव्हीडी जोडायची असेल तर एपीटी-सीडीरॉम ही आज्ञा वापरायची, फाइल हाताने लिहायची नाही.

पुढच्या डीव्हीडी डेबियन थेट देत नाही, जिगडोने बांधाव्या लागतात. जिगडो मिररवरून सुटी पॅकेजेस आणून त्यांची हुबेहूब आयएसओ जोडतो. नवी पॉइंट आवृत्ती (दुरुस्त्या एकत्र केलेली छोटी आवृत्ती) आली की जुनी आयएसओ माउंट करून तिचा रस्ता जिगडो-लाइटला दाखवायचा. न बदललेली पॅकेजेस तो तिथूनच उचलतो आणि फक्त फरक उतरवतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवणाऱ्या गटाला याहून मोठी सोय नाही.

पैसे घेतले तर चालतात का, हे हमखास विचारलं जातं. चालतात, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात प्रत देण्याचं शुल्क घ्यायला मोकळीक आहे. दुर्लक्ष होतं ते सोर्सकडे, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुराकडे. जीपीएल २च्या तिसऱ्या कलमानुसार बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम) देणाऱ्याने सोबत सोर्स द्यावा किंवा तीन वर्षं टिकणारं लेखी आश्वासन द्यावं. हातात डिस्क ठेवून ‘नेटवर आहे की’ म्हणणं त्या कलमात काटेकोरपणे बसत नाही. म्हणून पाकिटावर एक ओळ: मागणी केल्यास सोर्स खर्चाच्या भावात देऊ. अजून कुणी मागितलेला नाही. इमेजमध्ये फेरफार करून आपली आवृत्ती वाटायचा मोह टाळा. नाव-चिन्हांचे नियम लागू होतात, आणि सही जुळवून बघायची सोयही जाते.

पाकिटावर बाकी काय? नाव, आवृत्ती, ३२ की ६४ बिट, लिहिल्याची तारीख आणि चेकसमची पहिली आठ अक्षरं. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. तोल जातो, पावसाळ्यात कोपरे सुटतात आणि ड्राइव्हमध्ये अडकतात. सीडीच्या छापील बाजूला बॉलपेन तर अजिबात नको, तिथे डेटाचा थर लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिमीच्या दोन चकत्यांमध्ये असल्याने वरचे ओरखडे सोसतात, पण कडेला वाकवली तर चकत्या सुटतात. कोकणातल्या दमट हवेत प्लास्टिकची खिडकी असलेली पाकिटं डिस्कला चिकटली, साधी कागदी बरी.

साठा करून ठेवणं ही पहिल्या दोन महिन्यांतली चूक होती. दर दोनेक महिन्यांनी डेबियनची पॉइंट आवृत्ती येते आणि ढीग शिळा होतो. आता मागणी आली की लिहायची. याला अपवाद ३२ बिटचा: डेबियन १३ साठी त्याचा इन्स्टॉलरच निघत नाही, मिंटने मुख्य आवृत्तीत तो १९.३ नंतर बंद केला. डेबियन १२ची दीर्घ मुदतीची सुरक्षा अद्यतनं जून २०२८ पर्यंत आहेत, तेवढ्यासाठी परीक्षकाने पास केलेल्या दहा डिस्का डब्यात वेगळ्या ठेवल्या आहेत.