जर्मनीत एका सेमिस्टरसाठी वोनहाइम: खोली चांगली, तारखा सांभाळा

जर्मनीत एक्सचेंजवर एक सेमिस्टर काढायचं असेल आणि श्टुडीरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि खाणावळी चालवणारी संस्था, तिचं वोनहाइम, म्हणजे विद्यार्थी वसतिगृह, मिळत असेल तर ते घ्यावं. बहुतेक शहरांत खोलीचं भाडं साधारण २५० ते ४०० युरो पडतं. हीटिंग, पाणी, वीज आणि इंटरनेट सहसा त्यातच येतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच सोडणाऱ्या खात्यात, महिना ९९२ युरोच्या हिशेबाने पैसे ठेवावे लागतात आणि तिथे गेल्यावर दरमहा तेवढेच हातात येतात. म्युनिकमध्ये खासगी खोली घेतली, तर त्यातले सहाशेच्या वर नुसत्या भाड्यात जातात.

मात्र ही व्यवस्था मुळात दोन-तीन वर्षं राहणाऱ्यांच्या सोयीची आहे. सहा महिन्यांच्या पाहुण्याचं घोडं अडतं ते तारखांवर. हिवाळी सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं, पण वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात. करार मार्चअखेरपर्यंतचा असेल, तर परीक्षा आटोपून घरी परतलात तरी मार्चचं भाडं भरावंच लागतं. मधल्या काळात दुसऱ्याला खोली द्यायला लेखी परवानगी लागते. म्हणून सही करण्याआधीच ईमेलने विचारा, करार फेब्रुवारीअखेर संपवता येईल का. नंतर विचारून सहसा उपयोग होत नाही.

अर्ज प्रवेशपत्राची वाट न पाहता करता येत असेल, तर लगेच करा. आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घ्या. एक्सचेंजवाल्यांसाठी काही खोल्या अनेकदा त्यांच्याकडेच राखीव असतात. डिपॉझिट भारतातून पाठवताना बँकेच्या फॉर्मवर सगळे चार्जेस स्वतःकडे घ्या, म्हणजे ‘ओयूआर’ हा पर्याय निवडा. नाहीतर मधल्या बँका आपापला वाटा कापतात, रक्कम दहा-वीस युरोंनी कमी पोचते आणि ‘डिपॉझिट अपुरं’ म्हणून खोली अडकते.

किल्ली हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा व्यवस्थापक, देतो आणि तो ठरावीक वेळेतच भेटतो, बहुधा कामाच्या दिवशी सकाळी. शनिवारी रात्री उतरलात तर सोमवारपर्यंत हॉटेल. ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी ३ तारखेची राष्ट्रीय सुटी लक्षात ठेवावी. त्या दिवशी दुकानंही बंद असतात, रविवारीही बंदच. खोलीत पलंग, गादी, टेबल, खुर्ची, कपाट मिळतं. उशी, पांघरूण, भांडी नाहीत. काही ठिकाणी वायफायऐवजी भिंतीत नुसतं केबलचं सॉकेट असतं.

किल्लीसोबत घरमालकाचा दाखला मागून घ्या, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. तो नसेल तर पत्त्याची नोंदणी होत नाही, आणि ती राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. मोठ्या शहरांत तिची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवावी. अनेक बँका नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय खातं उघडत नाहीत आणि खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ताही हाती येत नाही. पहिल्या महिन्याचं भाडं आणि खाणं भागेल एवढे पैसे फॉरेक्स कार्डावर हवेतच.

आपल्या स्वयंपाकाचा आणि या खोल्यांचा संबंध जरा नाजूक आहे. स्वयंपाकघरात गॅस बहुधा नसतो, विजेच्या हॉटप्लेट असतात. त्या तापायला वेळ लावतात आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेल्या राहतात. मोहरी तडतडली की बटण बंद करून भागत नाही. कढई उचलून बाजूला ठेवली नाही तर जिरं, हिंग, हळद सगळं करपतं. कुकर सपाट बुडाचाच न्या, आणि इंडक्शन असण्याची शक्यता असेल तर स्टीलचा; साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. फोडणीच्या वेळी खिडकी पूर्ण उघडा आणि दार लावून घ्या. धूर झाला म्हणून घाईने दार उघडलं की तो थेट कॉरिडॉरमधल्या स्मोक डिटेक्टरकडे जातो. काही इमारतींत हा अलार्म परस्पर अग्निशमन दलाला जोडलेला असतो, आणि खोट्या फेरीचं बिल खोलीवाल्याच्या नावावर येऊ शकतं.

बुरशीचंही तेच. खिडक्या घट्ट बसतात, त्यामुळे भाताची वाफ, आंघोळीची वाफ आणि खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी थंड भिंतीवर साचतं. हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. ती दिवसभर नुसती तिरकी करून ठेवली, तर हवा धड बदलत नाही, भिंत मात्र गार पडते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवावं. खोलीची नीट हवा बदलली नाही असं ठरलं, तर बुरशीचा खर्च डिपॉझिटमधून जातो.

मेन्झा, म्हणजे खाणावळ, श्टुडीरेंडनवेर्कचीच. विद्यार्थी-दर विद्यार्थी-कार्डावरच मिळतो, नाहीतर पाहुण्याचा दर लागतो. शाकाहारी खुणेच्या पदार्थात अंडं असू शकतं. न खाणाऱ्यांनी पाटीवरचे ॲलर्जीचे कोड वाचावेत.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी द्यावी लागते. ती माणशी नसून घरटी असते. एकत्र फ्लॅट असेल तर एकानेच भरून वाटून घ्यावी. कॉरिडॉरवर उघडणारी स्वतंत्र खोली मात्र वेगळं घर धरली जाते. निघताना ही वर्गणी बंद करायची असते आणि पत्त्याची नोंदणीही रद्द करायची असते. हे दुसरं काम निघण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येतं.

डिपॉझिट तपासणीनंतर, कधी कधी काही महिन्यांनी परत येतं. राहायला आल्या दिवशीच प्रत्येक ओरखडा आणि डाग ताबा-पत्रकात नोंदवून फोटो काढलेले असतील, तर कपातीवर वाद घालता येतो. जर्मन खातं मात्र हे पैसे जमा होईपर्यंत बंद करू नका. बंद केलंत तर भारतातल्या खात्यात पैसे घेण्यासाठी वेगळा फॉर्म, वरचे चार्जेस आणि आणखी काही आठवडे लागतात.